पुढच्या सुराची बोटं

क्लॅरिनेट शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत शेवटी एक तक्ता असतो. प्रत्येक सुराखाली वाद्याचं चित्र, बंद भोकं काळी, उघडी पांढरी. काही सुरांखाली जरा बारीक आकारात आणखी एक-दोन चित्रं असतात आणि त्यांच्यावर लिहिलेलं असतं ‘पर्यायी’. घोटाळ्याची सुरुवात या शब्दापासून होते. पर्यायी म्हटलं की मनात उतरंड तयार होते: पहिलं चित्र खरं, बाकीची अडीनडीला. विद्यार्थी वर्षानुवर्षं पहिल्याच चित्रावर विसंबून वाजवतो, मग एखादी जलद जागा कितीही घोटली तरी बसत नाही, आणि तेव्हा कुणीतरी सांगतं की अरे, इथं दुसरी बोटं लाव. तोवर पहिली सवय हाडीमाशी खिळलेली असते. माझं म्हणणं असं, की क्लॅरिनेटवर मुख्य आणि पर्यायी अशी वाटणीच मुळात चुकीची आहे. कुठली बोटं लावायची हे तो सूर एकटा ठरवत नाही. त्याच्या आधी कोण होतं आणि पुढे कोण येणार आहे, यावर ते ठरतं. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपली जीभ रोज हेच करते. संगीत, पंचम, पंडित, मंद्र, तंबोरा हे पाच शब्द सावकाश म्हणून पाहा. लिहिताना पाचही ठिकाणी तेच टिंब आहे, पण तोंडात पाच वेगळ्या जागा लागतात. तंबोऱ्यात तर जीभ बाजूला राहते आणि ओठच मिटतात. कुठल्या जागी जायचं हे टिंब सांगत नाही, पुढचं अक्षर सांगतं. यातला कुठला उच्चार मुख्य आणि कुठला पर्यायी, असं कुणी विचारत नाही.

हे दुहेरी मार्ग वाद्यात आले कुठून, हे आधी पाहू, कारण ते कळलं की पाठांतराचा भार बराच हलका होतो. बासरीत एखाद्या सुराची बोटं तशीच ठेवून फुंक बदलली की वरचा तोच सूर मिळतो, सा चा वरचा सा. क्लॅरिनेटची नळी जवळपास सरळ, एकाच व्यासाची आणि माउथपीसच्या टोकाला ध्वनिशास्त्राच्या हिशेबानं बंद असते. अशा नळीत डाव्या अंगठ्याजवळची रजिस्टर चावी दाबली की सा चा वरचा सा येत नाही. वरच्या सप्तकातला पंचम येतो. म्हणजे बासरीला बारा सुरांची सोय केली की पुढचं सप्तक फुकटात पदरात पडतं, पण क्लॅरिनेटला खालच्या ई पासून मधल्या ओळीवरच्या बी फ्लॅटपर्यंत एकोणीस सुरांची सोय आधी करावी लागते. (इथे आणि पुढे सगळीकडे सुरांची नावं लिहिलेल्या सुरांची आहेत. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजवला की ऐकू येते ती पेटीवरची काळी पाच.) उजवा अंगठा वाद्याचं ओझं पेलण्यात अडकलेला, म्हणून वाजवायला बोटं उरतात नऊ. आज सर्वत्र मिळणाऱ्या बोम पद्धतीच्या साध्या क्लॅरिनेटवर सुरांची भोकं आहेत चोवीस. नऊ बोटांनी चोवीस भोकं सांभाळायची तर काही बोटांवर जास्तीचं ओझं येणार हे उघड आहे, आणि ते आलं बिचाऱ्या करंगळ्यांवर.

उजव्या करंगळीकडे चार चाव्या आहेत, डावीकडेही चार. सर्वांत खालचे ई, एफ आणि एफ शार्प हे तीन सूर, आणि रजिस्टर चावी दाबल्यावर त्यांच्याच बोटांनी येणारे मधल्या ओळीवरचा बी, त्याच्यावरच्या घरातला सी आणि सी शार्प, हे दोन्ही करंगळ्यांनी वाजवता येतात. खालचा जी शार्प, म्हणजे वर गेल्यावर डी शार्प किंवा ई फ्लॅट, फक्त उजव्या करंगळीकडे. पट्टीच्या वरचा जी शार्प फक्त डावीकडे. ही वाटणी कुणी नंतर जोडलेली सोय नाही. पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉरमध्ये शिकवणारा इयासँत क्लोझे आणि वाद्यं घडवणारा लुई-ऑग्युस्त ब्युफे यांनी मिळून हे वाद्य रचलं, १८३९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं, १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. (ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं त्या थेओबाल्ड बोमनं क्लॅरिनेट बनवलंच नाही, त्याच्या बासरीवरच्या फिरत्या रिंगांची कल्पना तेवढी या दोघांनी उचलली.) एकाच सुराला दोन करंगळ्या हा त्यांच्या रचनेचा भाग होता. ज्या वाद्यात रचनाकारानंच दोन सारखे दरवाजे ठेवले, त्यातल्या एकाला मागचं दार म्हणायचं कारण नाही.

आता मुद्दा प्रत्यक्ष बोटांवर आणू. तिसऱ्या घरातला सी घ्या. सी मायनरच्या सुट्या स्वरांत सी नंतर लगेच ई फ्लॅट येतो. ई फ्लॅट उजव्या करंगळीशिवाय वाजत नाही, म्हणून सी डाव्या करंगळीनं घ्यायला हवा. तोच सी ए फ्लॅट मेजरच्या आरोहात आला, तर पुढे डी फ्लॅट आहे आणि त्याच्या पुढे ई फ्लॅट. ई फ्लॅट उजवा, म्हणून डी फ्लॅट डावा, म्हणून सी उजवा. सूर तोच, पट्टीवरचं घर तेच, तरी पहिल्या ठिकाणी डावी करंगळी आणि दुसऱ्या ठिकाणी उजवी. सी ची ‘खरी’ बोटं कुठली, या प्रश्नाला इथे काही अर्थच उरत नाही. यातून हिशेबाची एक रीत मिळते, आणि या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्या: मागून मोजा. ओळीतला जो सूर एकाच करंगळीनं वाजतो तो आधी शोधा, तिथे खुंटी ठोका आणि तिथून मागे एकाआड एक करंगळ्या वाटत या. बी मेजरमध्ये बी, सी शार्प, डी शार्प अशी ओळ आली की डी शार्प उजवा, त्यामागचा सी शार्प डावा, त्यामागचा बी उजवा. खुंटी डावीकडेही असू शकते: वरच्या जी शार्पवरून थेट सी शार्पवर उडी असेल तर डावी करंगळी जी शार्पवर आहे, म्हणून सी शार्प उजवीकडे. मधे डी सारखा, करंगळी न लागणारा सूर आला की साखळी तुटते आणि दोन्ही करंगळ्या मोकळ्या होतात. तिथून नवा हिशेब. ई फ्लॅट मेजरच्या आरोहात सी आणि ई फ्लॅट यांच्यामधे डी असतो, म्हणून तिथे सी कुठल्याही करंगळीनं घ्या. हे एकदा उमगलं की बाराही पट्ट्यांच्या डाव्या-उजव्याचा तक्ता पाठ करण्याची गरज राहत नाही.

दुसरा प्रकार करंगळ्यांचा नाही, बोटांच्या अदलाबदलीचा आहे, आणि तो कानानं पटकन पकडता येतो. पट्टीच्या पहिल्या घरातल्या एफ ला फक्त डावा अंगठा बंद. त्याच्या वरच्या एफ शार्पचं तक्त्यातलं पहिलं चित्र म्हणजे अंगठा उघडा आणि डावी तर्जनी बंद. म्हणजे एफ वरून एफ शार्पवर जाताना अंगठा उठायला आणि तर्जनी बसायला एकच क्षण हवा. तो क्षण केसभर चुकला तरी वाद्य चुगली करतं: दोन्ही उठलेली असतील तर मधे जी डोकावतो, दोन्ही बसलेली असतील तर ई. या चोरट्या सुराला जलद वाजवून झाकता येत नाही. उलट जलद वाजवलं की ओळ खरखरीत होते आणि दोष कुठला ते कळत नाही. उपाय वाद्यावरच आहे. अंगठा तसाच ठेवून उजव्या तर्जनीनं बाजूच्या सर्वांत खालच्या दोन चाव्या एकत्र दाबा, एफ शार्प येतो आणि एकही बोट अदलाबदल करावं लागत नाही. वरच्या एफ आणि एफ शार्पचं दुखणं हुबेहूब हेच. एफ ला उजवी तर्जनी, एफ शार्पला उजवं मधलं बोट. अदलाबदलीत वर जी किंवा खाली ई सांडतो. तिथे तर्जनी न हलवता अनामिकेनं तिच्या जवळची चिंचोळी चावी दाबली की काम होतं. पण लगेच उलटा निष्कर्ष काढू नका. एफ शार्पच्या आधी-नंतर जी किंवा ई असेल तर पहिल्या चित्रातलीच बोटं सोपी, कारण तिथे अदलाबदल नाहीच, एकच बोट उठतं किंवा बसतं. शेजारी एफ असेल तर चिंचोळी चावी, जी किंवा ई असेल तर मधलं बोट. इथेही शेजाऱ्यानंच ठरवलं.

पट्टीच्या वरच्या बी फ्लॅटला (आणि रजिस्टर चावी सोडली तर खालच्या ई फ्लॅटला) तर चार वाटा आहेत, त्यातल्या तीन रोजच्या वापरातल्या. ए च्या बोटांत बाजूची सर्वांत खालची चावी मिळवायची ही एक. ए वरून बी फ्लॅटवर सुरासुरानं चढताना हिच्याइतकी सरळ वाट दुसरी नाही. डावी तर्जनी आणि उजवी तर्जनी ही दुसरी. वादक हिला ‘वन अँड वन’ म्हणतात. पट्टीच्या सर्वांत वरच्या ओळीवरच्या एफ वरून बी फ्लॅटवर झेप घ्यायची असेल तर उजवी तर्जनी आधीच जागेवर असते, फक्त डाव्या हाताची दोन बोटं उचलायची. बी वरून बी फ्लॅटवर उतरतानाही तीच, कारण नुसती उजवी तर्जनी टेकवायची. तिसरी वाट डाव्या अनामिकेजवळच्या चिंचोळ्या चावीची. उजव्या हाताला पुढच्या सुरासाठी मोकळं ठेवायचं असेल तेव्हा ती कामाला येते. इथे मात्र आवाजाचा फरक पडतो. वन अँड वनचा खालचा ई फ्लॅट बऱ्याच वाद्यांवर किंचित बुजलेला वाटतो, आणि लांब, एकट्या सुरावर तो कानाला बोचतो.

यातूनच पहिला आक्षेप येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. लोक म्हणतात, पर्यायी बोटांनी सूर बेसूर होतो, आवाज पातळ होतो. म्हणून सोय बघू नका, सूर बघा. काही जागी हे खरं आहे. भोकाची जागा आणि आकार एका कामासाठी ठरलेला असतो, दुसऱ्या कामाला ते जुंपलं की तडजोड होतेच. पण या आक्षेपात एक गृहीत लपलेलं आहे, की पहिल्या चित्रातल्या बोटांचा आवाज नेहमी उत्तम असतो. ते सरळ सरळ चूक आहे आणि क्लॅरिनेटचा सर्वांत बदनाम सूरच त्याचा पुरावा देतो. मधल्या ओळीवरचा बी फ्लॅट, ज्याला घशातला सूर म्हणतात, तो तक्त्याप्रमाणे ए ची चावी आणि रजिस्टर चावी दाबून येतो. रजिस्टर चावीखालच्या बारीक भोकावर दोन कामं टाकलेली आहेत: वरच्या सुरांना वाट करून देणं आणि हा बी फ्लॅट वाजवणं. पहिल्या कामाला भोक लहान आणि वर हवं, दुसऱ्याला मोठं आणि खाली. तडजोडीत बी फ्लॅटचा गळा दाबला गेला. तो फुसफुसतो आणि शेजारच्या सुरांच्या मानानं दुबळा ऐकू येतो. त्याऐवजी ए च्या चावीबरोबर बाजूच्या चार चाव्यांपैकी खालून तिसरी दाबून पाहा. सूर मोकळा होतो, आवाजाला अंग येतं. मग सगळे तेच का वाजवत नाहीत? कारण त्या सुरावरून पुढे मधल्या ओळीवरच्या बी वर, म्हणजे सगळी भोकं बंद असलेल्या सुरावर जायचं असेल तर उजव्या तर्जनीला बाजूच्या चावीवरून भोकावर परतावं लागतं, आणि जलद ओळीत तेवढा वेळ नसतो. लांब, गाता सूर असेल तर बाजूची चावी, धावती ओळ असेल तर रजिस्टर चावी. सूर आणि सोय यांचं भांडण नेहमी एकाच बाजूनं सुटत नाही. सुराची लांबी न्यायनिवाडा करते.

घशातल्या सुरांना आणखी एक औषध आहे, ते बोटं बदलण्याचं नाही, बोटं वाढवण्याचं आहे. जी, जी शार्प, ए आणि बी फ्लॅट वाजवताना नळीचा बहुतेक भाग उघडा पडलेला असतो. अशा वेळी उजव्या हाताची दोन-तीन बोटं आणि जोडीला डावी अनामिका खालच्या भोकांवर टेकवली तर सूर थोडा उतरतो आणि बहुधा जास्त भरीव लागतो. कुठली बोटं, किती, हे वाद्यागणिक, रीडागणिक बदलतं, म्हणून याचा छापील तक्ता मी देत नाही. दिला तर तो तुमच्या वाद्यावर खरा उतरेलच असं नाही. यात एक फायदा आयताच मिळतो. ही बोटं बसलेली असतील तर वरच्या सुरांकडे जाताना अर्धा हात आधीच जागेवर असतो. घशातून वर जाण्याची जी उडी प्रत्येक नवशिक्याला छळते, ती त्यामुळे बरीच लहान होते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. नवख्या मुलाला एका सुराला एकच बोटं द्या, नाहीतर तो गोंधळतो. यात तथ्य आहे, पण ते क्रमाबद्दल आहे. पहिल्या महिन्यात चार प्रकारचे बी फ्लॅट दाखवणं हा जुलूमच. पण करंगळ्यांचं निराळं आहे. मधल्या ओळीवरचा बी ज्या दिवशी शिकवला, त्याच दिवशी तो डाव्या आणि उजव्या दोन्ही करंगळ्यांनी वाजवायला सांगितला तर मुलाला ते दोन पर्याय वाटत नाहीत. सूर असाच असतो असं वाटतं. गोंधळ उशिरा शिकण्यात आहे. वर्षभर उजव्या करंगळीनंच सी वाजवणाऱ्याची डावी करंगळी ऐन वेळी थिजते, कारण हाताला नवं शिकायच्या आधी जुनं विसरावं लागतं. तबल्यावर एकच बोल मागच्या-पुढच्या बोलांप्रमाणे वेगळ्या बोटानं काढायला शिष्याला सुरुवातीपासून शिकवतात, आणि त्यामुळे कुणी तबला सोडून पळालेला नाही. बाजूच्या चाव्या, चिंचोळ्या चाव्या, वन अँड वन हे मात्र एखादी ओळ मागेल तेव्हाच द्यावेत. ओळ अडली, चोरटा सूर ऐकू आला, मग उपाय सांगितला, की तो डोक्यात आणि बोटांत एकदमच बसतो.

तिसरा आक्षेप जुन्या लोकांचा दाखला देतो: तेव्हा कुठे इतक्या चाव्या होत्या, तरी ते वाजवत होतेच की. वाजवत होते, पण एकाच बोटांनी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नरचं नाव ज्या पहिल्या क्लॅरिनेटांशी जोडलं जातं, त्यांना दोनच चाव्या होत्या. अर्धे सूर मिळवायला एक भोक उघडं सोडून खालची बंद करणं, अर्धं भोक झाकणं असे नाना प्रकार करावे लागत. चाव्या कमी तेव्हा आडवळणाची बोटं जास्त, हा साधा व्यवहार आहे. इव्हान म्युलरनं तेरा चाव्यांचं वाद्य आणलं तेव्हा १८१२ मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉरच्या समितीनं ते नाकारलं, आणि तरीही त्याच वाटेनं जर्मन क्लॅरिनेट पुढे वाढलं. ब्राम्सनं १८९१ मध्ये ज्याच्या वादनानं भारावून क्लॅरिनेट क्विंटेट लिहिलं तो रिशार्ट म्युलफेल्ट याच वळणाच्या, बेरमान पद्धतीच्या वाद्यावर वाजवत असे. त्या घराण्यात करंगळीच्या चाव्यांमधे बारीक रूळ असतात, करंगळी एका चावीवरून दुसऱ्या चावीवर घसरवायची. आजच्या जर्मन ओलर पद्धतीतही ते आहेत. म्हणजे त्यांनी प्रश्न दुसऱ्या तऱ्हेनं सोडवला, प्रश्न नव्हताच असं नाही. आपल्याकडे हे सांगायला हवं, कारण जुन्या बँडपार्ट्यांकडून हाती आलेलं वाद्य साध्या, अल्बर्ट वळणाचं असू शकतं. अशा वाद्यावर बोम पद्धतीचा तक्ता समोर ठेवला तर निम्मे सूर जुळणार नाहीत आणि विद्यार्थी स्वतःला दोष देत बसेल. तक्ता उघडण्याआधी आपलं वाद्य कुठल्या पद्धतीचं, ते ओळखा.

आपल्या संगीतासाठी क्लॅरिनेट हाती घेतलेल्यांना या हिशेबात एक वेगळा कौल द्यावा लागतो. पाश्चात्त्य ओळीत दोन सुरांमधली फट स्वच्छ हवी, म्हणून चावीची उघडझाप चांगली. मींडेत उलट. तिथे बोट भोकावरून हळूहळू सरकवत सूर वर न्यायचा असतो, आणि चावी एक तर उघडी असते किंवा बंद. तिच्यावरून सरकता येत नाही. म्हणून मींडेच्या जागी बाजूच्या आणि चिंचोळ्या चाव्या सोडा, उघड्या भोकांची बोटं धरा, जरी एरवी ती अदलाबदलीची आणि गैरसोयीची असली तरी. गर्श्विनच्या ‘रॅप्सडी इन ब्ल्यू’च्या आरंभीची ती प्रसिद्ध घसरण, १९२४ मध्ये रॉस गॉर्मननं प्रथम वाजवलेली, तिच्या वरच्या अर्ध्या भागात बोटं अशीच भोकांवरून सोलत उचलावी लागतात. बाकीचं काम ओठ आणि घसा करतात.

पट्टीच्या फार वरच्या सुरांत, वरच्या सी च्याही पलीकडे, एकेका सुराला पाच-सहा ते डझनभर बोटं सापडतात, आणि ती गोळा करणं हा काही वादकांचा छंदच होऊन बसतो. तिथे मोह टाळा. या सुरांत डावी तर्जनी उचलून तिच्या भोकाचा उपयोग वाट म्हणून केलेला असतो. उदाहरणार्थ सी शार्पला डावं मधलं बोट, अनामिका आणि उजवी तर्जनी, मधलं बोट. डी ला त्यातलं उजवं मधलं बोट उचलून उजव्या करंगळीची ई फ्लॅट चावी मिळवतात, आणि ई ला उजव्या हाताची फक्त ती करंगळीच उरते. ही करंगळी सूर जरा चढवते, म्हणून आधी ती लावून आणि न लावून ऐका. फार वेळा एवढ्यानंच भागतं. प्रत्येक सुराला एक हळू येणारी, सुरेल जागा आणि एक जलद ओळीत सोपी जाणारी, एवढ्या दोन पुष्कळ झाल्या. बाकीच्या आपोआप भेटतील. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रचनाकारांनी सुराचा रंग बदलण्यासाठी, एकाच सुरावर दोन बोटांनी थरथर उमटवण्यासाठी किंवा एकाच वेळी अनेक सूर काढण्यासाठी जी बोटं मागितली, तो वेगळाच प्रांत आहे. ती रचना समोर आली की रचनाकार बहुधा स्वतःच बोटं छापून देतो.

सराव कसा करावा, याबद्दल आता. आधी वाद्य तपासा, कारण पुष्कळदा दोष बोटांचा नसून दुरुस्तीचा असतो. मधल्या ओळीवरचा बी नुसत्या डाव्या करंगळीनं वाजवा, उजवी पूर्ण बाजूला ठेवून. त्या एका दाबानं खालची दोन्ही मोठी पॅडं एकत्र बसायला हवीत. सूर अडला किंवा किंचाळला तर दोघांमधला मेळ बिघडला आहे. तो कारागिराकडून नीट करून घ्या. कित्येक वादक या बिघाडाला पांघरूण म्हणून डाव्या बी ला उजवा सी ही दाबत राहतात आणि मग उजवी करंगळी कधीच मोकळी सापडत नाही, म्हणजे दोन मार्ग असण्याचा फायदाच बुडतो. वाद्य ठीक असेल तर दोनच सूर घ्या. पूर्ण ओळ नको, जिथे अडतं ते दोनच. प्रत्येक बोटांनी ते दोन सूर अगदी हळू, एका श्वासात, जीभ न लावता आळीपाळीनं वाजवा आणि मधल्या फटीकडे कान ठेवा; चोरटा सूर हळू वाजवतानाच पकडला जातो. मग आधीचा एक आणि नंतरचा एक असे चार सूर करा. तंबोऱ्याचं ॲप काळी पाचवर लावून त्यावर लिहिलेला सी, जी, बी फ्लॅट लांब धरून पाहिले की कुठल्या बोटांनी सूर बसतो आणि कुठल्यांनी थरथरतो ते ट्यूनरच्या काट्याआधी कान सांगतो. जे सापडेल ते वहीत टिपून ठेवा, सुराच्या नावाखाली नव्हे, जोडीच्या नावाखाली: ‘एफ–एफ शार्प’, ‘सी–ई फ्लॅट’. वही अशी मांडली की विचारही तसाच होऊ लागतो.

स्वरलिपीवर खुणा करायला लाजू नका. सुराच्या डोक्यावर डावा, उजवा लिहिणं ही व्यावसायिक वादकांचीही रीत आहे. फरक इतकाच, की ते प्रत्येक सुरावर लिहीत नाहीत. खुंटीच्या सुरावर किंवा साखळी जिथून सुरू होते त्या पहिल्या सुरावर एक खूण केली की बाकी हिशेब हात स्वतः करतो. वीस खुणांच्या गर्दीत डोळा सूरच वाचायचा विसरतो.

आणि काही ओळी अशा येतात की मागून मोजा, पुढून मोजा, सुटका नाही. वरचा जी शार्प, मग सी शार्प, मग डी शार्प. जी शार्प डावीकडेच, डी शार्प उजवीकडेच, आणि मधला सी शार्प कुठल्याही बाजूला घ्या, एक करंगळी घसरणारच. महागड्या काही क्लॅरिनेटांवर ई फ्लॅटसाठी डाव्या करंगळीची जादा चावी असते, ती नेमकी यासाठी. ती नसेल तर घसरण कुठे कमी ऐकू येईल हे बघायचं. जी शार्पवरून सी शार्पवर येताना एरवीही उजव्या हाताची सगळी बोटं बसत असतात, त्या हालचालीत डावी करंगळी घसरवली तर ती झाकून जाते. सी शार्प आणि डी शार्प यांच्यामधे मात्र लपायला जागा नसते. म्हणून घसरा ते पहिल्या जोडीतच. चावी कोरडी असेल तर करंगळी अडते, त्यावरचा वादकांचा जुना तोडगा म्हणजे वाजवण्याआधी करंगळीचं टोक नाकाच्या बाजूला घासून घेणं. तिथलं तेलकटपण एका घसरणीला पुरतं.